जळलेल्या टेकडीवरचा महुआ

मी एक टेकडी जाळली आहे. झाशीहून बबीनाच्या बसने निघालं की डाव्या हाताला दिसते ती. आता तिथून जाल तर काही कळणार नाही. करधई, पळस, तेंदू, मधूनमधून मोठाले दगड आणि दगडांवर मोर. ज्याला म्हणून मी हे सांगते तो आधी हसतो आणि मग माझ्या हातांकडे बघतो. हात अगदी साधे आहेत. त्यांनी जन्मभर शाळेत खडू धरला आणि घरी पोळ्या लाटल्या. पण एका फाल्गुनात त्यांनी जे केलं ते केलं, आणि त्याबद्दल मला जे मिळालं ते शिक्षेसारखं अजिबात नव्हतं. तेच लिहायला बसले आहे.

माणूस चंद्रावर जाऊन आला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. माहेर लक्ष्मी तालाकडे, सासर सिविल लाइंसमध्ये. सायकलने अर्ध्या तासाचं अंतर, त्यामुळे पाठवणीच्या वेळी रडावं की नाही हाच मला प्रश्न पडला होता. दोन्ही घरं इथल्या जुन्या मराठी घरांपैकी, पेशवाईत इकडे आलेली आणि परत जायचं विसरलेली. दाराबाहेर हिंदी आणि बुंदेली, दाराच्या आत मराठी, तीही अशी की पुण्याचे पाहुणे कौतुकाने ऐकत बसायचे. आमच्या बोलण्यात ‘जी’ आणि ‘भैया’ कधी शिरले ते आम्हालाही कळलं नाही. पण सासूबाईंच्या काही नियमांत मात्र दोनशे वर्षांत कोणाला शिरता आलं नव्हतं. त्यातला पहिला नियम विस्तवाचा.

चुलीतल्या विस्तवावर पाणी ओतायचं नाही. स्वयंपाक झाला की निखारे राखेखाली झाकायचे, संध्याकाळी राख बाजूला सारायची, वाळकी काटकी ठेवायची आणि फुंकर मारायची. घरात रॉकेलचा स्टोव्ह आला होता, काडेपेट्यांची काही टंचाई नव्हती, तरी चूल थंड पडू द्यायची नाही. चुलीवर पाणी पडतं ते घरातलं माणूस गेल्यावर, असं सासूबाई सांगत आणि सांगताना स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारून घेत. मला हे सगळं पटत होतं असं नाही. पण निखारे झाकण्यात माझा हात असा काही बसला होता की त्या आल्यागेल्याला सांगत, आमच्या सुनेने झाकलेला विस्तव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहतो. नव्या सुनेचं कौतुक करायला सासूला फारशा गोष्टी सापडत नाहीत. मला मिळालेलं हे एकच कौतुक मी घट्ट धरून ठेवलं होतं.

त्या वर्षी कार्तिकात आमचं आवळीभोजन राहिलं. दर वर्षी बबीनाकडच्या त्या टेकडीच्या पायथ्याशी, आवळ्याच्या झाडाखाली चूल मांडून जेवायचं, असा घरचा परिपाठ होता. पण एकामागून एक दोन सुतकं आली, दोन्ही चुलत, आणि महिना संपला. जेवण हुकल्याचं दुःख आमच्या घरात इतर दुःखांपेक्षा जास्त दिवस टिकतं. शेवटी होळीनंतरच्या एका रविवारी सासूबाईंनी पंचांगाला न विचारता सरळ सगळ्यांच्या पोटाला विचारलं. सासूबाई, आमचे हे आणि मी, अशी तिघं पितळी पातेली, वांगी, तांदूळ आणि तुपाची बरणी घेऊन सकाळच्या बसने निघालो.

कार्तिकात हिरवी असणारी टेकडी फाल्गुनात पार वाळून गेली होती. गवत पिवळं, पाल्याचा घोट्याएवढा थर, पाऊल टाकलं की कुरकुर आवाज. आवळ्यापासून थोडं वर महुआची तीन मोठी झाडं होती. मराठी पुस्तकांत त्याला मोह म्हणतात, आम्ही महुआच म्हणतो. झाडांखाली एक बाई खजुरीच्या झाडूने पाला लोटत होती. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक. तिने मला बहू म्हटलं आणि मी तिला कक्को, म्हणजे काकू. तिथून पुढे आमचं नातं तेच राहिलं.

महुआची फुलं पहाटे गळतात आणि पाल्यात पडली की दिसत नाहीत. म्हणून वेचणारे बहुतेक लोक झाडाखालचा पाला जाळून टाकतात. काळ्या जमिनीवर फिकट फूल चटकन सापडतं. कक्को पाला जाळत नसे, लोटत असे. मुळांना धग लागते, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं. तीनही झाडं सासूच्या वेळेपासून तिच्याकडे होती. वाळवलेला महुआ तिच्या घरात वर्षातले चार महिने पोटाला पुरायचा, थोडा बाजारात जायचा. सगळ्यांत मोठं झाड तिसरं, उतारावरचं. निम्मा महुआ त्या एका झाडाचा, असं ती अभिमानाने म्हणाली. मी मनात म्हटलं, चला, आपल्यासारखीच दिसते, सासूचं ऐकणारी.

मसालेभात झाला, भरली वांगी झाली, जेवलो, पसरलो. मग एकदम चारच्या बसची आठवण झाली आणि धावपळ उडाली. हे पातेली बांधायला लागले. मी चुलीपाशी गेले. तेवढ्यात कक्को टोपली डोक्यावर घेऊन खाली उतरत होती. ती थांबली आणि म्हणाली, “बहू, आगी पे पानी डार दइयो. हवा बिगर रई.”

वारा खरंच फिरला होता. माझ्या हातात अर्धी कळशी पाणी होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसते डोळे मोठे केले. तेवढं मला पुरलं. कळशी बाजूला ठेवून मी निखारे झाकले, आणि घाईतही मन लावून झाकले, कारण सासूबाई बघत होत्या. निखाऱ्यांवर राख, राखेवर माती, मातीवर चपटा दगड. खाली आमच्या स्वयंपाकघरातली शेणाने सारवलेली जमीन नव्हती, वर्षानुवर्षांचा पाला होता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ज्या चुलीवर आता कोणी स्वयंपाक करणार नव्हतं, तिचा विस्तव मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला आणि बस पकडली.

मंगळवारी दूधवाल्या भैयाने बातमी आणली. तो त्याच बाजूच्या गावचा. सोमवारी दिवसभर टेकडी जळत होती, गावकऱ्यांनी हिरव्या फांद्यांनी झोडपून झोडपून कशीबशी विझवली. आणि एका महुआवालीला जंगलाच्या गार्डने धरलं आहे. हीच माणसं पाला जाळतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे चौकशी काय करायची. तिची टोपली काढून घेतली, आता तिला त्या टेकडीवर महुआ वेचू देणार नाहीत, झाडं दुसऱ्या कोणाला तरी देतील. भैयाने हे सगळं दूध मापता मापता सांगितलं आणि तो पुढच्या दाराला गेला.

मी दुधाचं पातेलं तसंच ओट्यावर ठेवलं आणि आत जाऊन सगळं बोलून टाकलं. आमचे हे म्हणाले की आपली सरकारी नोकरी आहे, आपलं नाव कोणी घेतलेलं नाही, तर आपण होऊन कशाला घ्यायचं. त्यावर मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा आवाज तेव्हाही मोठा होता आणि आमच्या घराच्या भिंती पातळ होत्या. हे टोपी घालून सायकलवर निघून गेले. मग सासूबाई उठल्या, पायांत चपला घातल्या आणि म्हणाल्या, “चल. झाकायला मी लावलं होतं.”

बस स्टँडवर पोचलो तर हे तिथे आधीच उभे. ऑफिसात रजेचा अर्ज टाकून आले होते. चेहरा लाल, हातात तीन तिकिटं. त्या दिवशी मला माझा नवरा पहिल्यांदा खरा आवडला. हे मी त्यांना पुढे पंचवीस वर्षांनी सांगितलं.

टेकडीचा वास बसमध्येच यायला लागला. ओल्या राखेचा नव्हे, कोरड्या, घशाला लागणाऱ्या राखेचा. जमीन अजून गरम होती, चपलेतून जाणवत होती. गवत नाही, पाला नाही, झुडपं नाहीत. नुसते काळे बुंधे आणि उघडे पडलेले दगड. इतके दगड त्या टेकडीवर आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. एक तितर राखेत इकडून तिकडे धावत होता, थांबत होता, पुन्हा धावत होता. त्याचं घरटं जमिनीवर असतं हे मला शाळेतल्या मुलांना शिकवता येत होतं. मी तिथेच खाली बसले आणि रडले, आणि पाठवणीच्या वेळचं सगळं राहिलेलं रडूनही घेतलं.

जंगलखात्याच्या चौकीबाहेर कक्को उकिडवी बसली होती. गार्डने सासूबाईंची नऊवारी पाहिली आणि उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं. सासूबाई खुर्चीत बसल्या नाहीत. त्यांनी आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगितलं की आग हिने नाही, आम्ही लावली. गार्ड हसला. माताजी, आप जैसे लोग, वगैरे त्याने सुरू केलं. सासूबाईंनी तीनदा सांगितलं, ह्यांनी दोनदा. आम्हाला गुन्हेगार ठरायला किती खटपट करावी लागत होती, आणि त्या बाईला काहीच न करता ठरवून टाकलं होतं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी गार्डला म्हटलं, चला माझ्याबरोबर, आणि पुढे चालायला लागले.

आमच्या चुलीचे तीन दगड जिथल्या तिथे होते. त्यांच्यापासून एक काळा पट्टा निघाला होता, सुरुवातीला वीतभर रुंद, मग पाऊलभर, मग बैलगाडी जाईल एवढा, आणि पुढे सगळी टेकडीच. डोळे असलेल्या कोणालाही ते वाचता आलं असतं. आणि महुआच्या झाडांखाली कक्कोने लोटून स्वच्छ केलेली जमीन तशीच्या तशी होती. आग तिथवर येऊन वळसा घालून गेली होती. पहिली दोन झाडं झाडूने वाचवली होती. तिसऱ्या झाडाशेजारचा एक वठलेला सालईचा वृक्ष मात्र जळत त्याच्या अंगावर कोसळला होता. महुआची एक बाजू वरपर्यंत कोळसा झाली होती, साल फुटली होती, फांद्यांवर काही उरलं नव्हतं.

गार्ड बराच वेळ त्या लोटलेल्या जमिनीकडे बघत उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, त्याने घाईने ठरवलं होतं इतकंच. त्याने टोपली परत केली, आमचा जबाब लिहून घेतला आणि कक्कोला सांगितलं की झाडं तिचीच राहतील. तिसऱ्याचं मात्र तो काही सांगू शकत नव्हता. पावसाळ्यानंतरही मेलेलं दिसलं तर तोडायला द्यावं लागेल.

कक्को माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “हमने कई हती, बहू.” मी सांगितलं होतं. मग तिने झाडाच्या न जळलेल्या बाजूला तळवा टेकवला आणि म्हणाली, “अबै मरो नइयाँ.” अजून मेलेलं नाही. हे मला सांगितलं की झाडाला, ते मला आजही ठरवता येत नाही.

त्यानंतर आम्ही दर दुसऱ्या रविवारी जाऊ लागलो. पहिल्या खेपेला मी दोन कळश्या पाणी चढवत वर नेलं, तिसऱ्या झाडाला घालायला. कक्को पोट धरून हसली. आता आणलं का पाणी, असं म्हणाली. ते हसणं मला मिळालेली पहिली माफी होती, आणि मी ती मुकाट्याने घेतली. मग तिने मला कामाला लावलं. उतारावर आडव्या ओळींत दगड मांडायचे, जळकी खोडं आडवी टाकायची, म्हणजे पावसात राख वाहून जाणार नाही. सगळा सत्त्वांश राखेत आहे, राख गेली की टेकडी गेली, असं तिचं म्हणणं. मी काळे बुंधे उपटायला गेले तर तिने माझा हात धरला. मेलेले दिसतात त्यांना हात लावायचा नाही, खाली काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. दगड मांडता मांडता ह्यांच्या पाठीची वाट लागली, पण त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

पंधरा दिवसांत तेंदूने सुरुवात केली. राखेतून बोटभर उंचीची, तांबूस, तकतकीत पानं. मग पळस. जळून काळ्या पडलेल्या खोडाला मखमली पोपटी पान फुटतं तेव्हा ते दुसऱ्या कोणीतरी चिकटवल्यासारखं दिसतं. ज्येष्ठात ऊन असं की दगडावर हात ठेववत नव्हता, टेकडी अजून तीन चतुर्थांश काळीच होती. आणि मग करधईने मला वेड लावलं. पूर्वेकडून दमट वारा सुरू झाला होता, पावसाचा थेंबही पडला नव्हता, आणि एका रविवारी गेलो तर मागच्या खेपेला राखाडी असलेली करधई सगळी हिरवी. नुसत्या हवेतल्या ओलाव्यावर. कक्कोला त्यात काही विशेष वाटलं नाही, ती दर वर्षी बघत आली होती. मी मात्र झाडाझाडाला हात लावत फिरले. एवढं वाईट करूनही मला हे बघायला मिळतंय, असं सारखं मनात येत होतं, आणि कोणाचे आभार मानावेत ते कळत नव्हतं. मग मी सगळ्यांचेच मानले, तितराचेसुद्धा. तो पुन्हा दिसायला लागला होता, बायकोसकट.

तिसरा महुआ तसाच उभा होता. आषाढ गेला. श्रावणात गवत कंबरेपर्यंत आलं, आमचे दगड दिसेनासे झाले, पहिली दोन झाडं पानांनी गच्च झाली. तिसऱ्यावर काही नाही. गार्ड एकदा येऊन बघून गेला. कक्को त्या झाडाबद्दल बोलायची थांबली, आणि ती गप्प झाल्यावर मला खरी भीती वाटली. भाद्रपदात, गौरी उठल्यानंतरच्या रविवारी, मी झाडाच्या मागच्या बाजूला गेले. तिने तळवा टेकवला होता त्या बाजूला, माझ्या डोक्याच्या थोडं वर, खोडातूनच तांबड्या पानांचा एक झुबका फुटला होता. मी हाक मारली. कक्को आली, बघितलं, आणि पदराने तोंड झाकून तशीच खाली बसली. गार्डला दाखवायला हे स्वतः पळत गेले.

पुढच्या वर्षी त्या झाडाला भरपूर पानं आली, पण फूल एक नाही. त्या वर्षी कक्कोच्या घरचा महुआ निम्माच होता, आणि ते कोणामुळे हे आम्हा दोघींना माहीत होतं. आम्ही धान्य घेऊन गेलो तर तिने ते घेतलं, आढेवेढे घेतले नाहीत. त्याचेही मी उपकार मानते. न घेऊन तिला मला आणखी खाली बसवता आलं असतं.

त्याच्या पुढच्या माघात मला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरायच्या आधी आली, चिमणीएवढी, आणि मला दूध येईना. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले, शतावरी झाली, डिंक झाला, डॉक्टर झाले. वरचं दूध तिला सोसत नव्हतं, ती दिवसेंदिवस आणखीच वाळत होती. फाल्गुन उजाडला तरी आमचं टेकडीवर जाणं झालं नव्हतं. दूधवाल्याकडून कक्कोला कळलं असावं. एका सकाळी ती आमच्या दारात उभी. ती आयुष्यात कधी झाशीच्या बसमध्ये बसली नव्हती, चार ठिकाणी विचारत विचारत आली होती. हातात एक छोटीशी पुरचुंडी.

“पैलो फूल आय, बहू,” ती म्हणाली. “ओई पेड़ कौ.”

पहिली फुलं, त्याच झाडाची. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आंघोळ केल्याशिवाय मलासुद्धा पाऊल टाकता येत नसे. त्यांनी कक्कोचा हात धरून तिला तशीच आत नेलं आणि पाट दिला. कक्कोने फुलं निवडली, धुतली, दुधात शिजवली आणि मला समोर बसवून प्यायला लावली. चार दिवस ती आमच्याकडे राहिली. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. महुआने आलं की आणखी कशाने, यावर डॉक्टरांनी पुढे पुष्कळ ऐकवलं आणि मी मान डोलावली. पण माझी मुलगी मी जाळलेल्या झाडावर वाढली, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

कक्कोला परत सोडायला हे बसने तिच्याबरोबर गेले आणि टेकडीवर जाऊन आले. संध्याकाळी आले आणि चपला काढून पायरीवरच बसले. मग म्हणाले की तिसऱ्या झाडाच्या एकाच फांदीला या वर्षी फूल लागलं होतं, ओंजळभर निघालं असेल. तिने ते सगळं आपल्याकडे आणलं.